प्रश्नावलीच्या आधीचं शिकवा

प्रति,
महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या सामाजिक शास्त्रांच्या अभ्यास मंडळांचे सन्माननीय सदस्य,



नव्या शैक्षणिक धोरणानंतर एम.ए.च्या पहिल्याच सत्रात संशोधन पद्धतीची चार श्रेयांकांची पत्रिका आली. पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये ती होतीच. समाजशास्त्र असो, राज्यशास्त्र असो, शिक्षणशास्त्र किंवा समाजकार्य असो, आतला ऐवज बहुतेक तोच: समस्येची निवड, गृहीतकांची मांडणी, चलांचे प्रकार, नमुना निवड, तथ्य संकलनाची साधनं, सांख्यिकी, अहवाल लेखन. शेवटच्या घटकात जागा उरली तर 'गुणात्मक पद्धती' या मथळ्याखाली फेनॉमेनॉलॉजी हा शब्द इतर दोन-तीन शब्दांच्या दाटीत उभा असतो. टीपा लिहा, पाच गुण.

त्या शब्दाला शेवटच्या घटकातून उचलून पहिल्या घटकात आणा, अशी मागणी करण्यासाठी हे पत्र आहे. तत्त्वज्ञानाच्या विभागाला काम मिळावं म्हणून मी हे म्हणत नाही. मराठीतून लिहिलेले प्रबंध मी अनेक वर्षं वाचतो आहे, तोंडी परीक्षांना बसतो आहे, आणि दरवेळी एकाच ठिकाणी अडखळतो आहे. आपला विद्यार्थी तथ्यं गोळा करायला निघतो तेव्हा तथ्य आयतं कुठं तरी पडलेलं आहे, आपण फक्त नमुना नीट निवडून ते वेचायचं आहे, अशी त्याची पक्की समजूत झालेली असते. ही समजूत आपल्या पत्रिकेने करून दिलेली आहे.

उदाहरण घरचंच घेतो. शेतकरी आत्महत्यांवर आपल्या विद्यापीठांत भरपूर प्रबंध झाले. त्यांतल्या बऱ्याचांचं तिसरं किंवा चौथं प्रकरण एका तक्त्याने उघडतं: जिल्हा, वर्ष, एकूण प्रकरणं, पात्र, अपात्र, चौकशीसाठी प्रलंबित. तक्ता सरकारी कचेरीतून रीतसर मिळवलेला असतो, खाली स्रोत दिलेला असतो, आणि तिथून पुढे विद्यार्थी टक्केवारी काढायला मोकळा. तोंडी परीक्षेत मी एक प्रश्न हमखास विचारतो, 'यातला एक माणूस अपात्र कसा झाला, तेवढं सांगा.' उत्तरात निकष येतात. शेतजमीन हवी, बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज हवं, नापिकीमुळे ते थकलेलं हवं, वसुलीचा तगादा हवा. हे जुळलं तर कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत. निकष मलाही पाठ आहेत. मी विचारत असतो ते, तो शेरा त्या माणसाच्या नावापुढे पडेपर्यंत काय काय घडलं.

एखादं प्रकरण साधारण कसं सरकतं ते बघू. माणूस गेल्यावर पहिला कागद पोलिसांचा. अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा, घरच्यांचे जबाब. अंगणात प्रेत असताना बायकोला किंवा भावाला विचारलं जातं, 'काही त्रास होता का त्यांना?' अशा वेळी गावातलं कोणी तरी जाणतं माणूस हळूच सांगतं, 'पोटदुखीचं सांग, उगा भानगड नको.' भानगड कसली, हे त्या घडीला सांगणाऱ्यालाही नीट ठाऊक नसतं. पोलीस, अब्रू, धाकटीची सोयरीक, सगळंच त्यात आलं. मग तलाठी सातबारा आणि आठ-अ जोडतो. सोसायटीचा सचिव थकबाकीचा दाखला देतो किंवा देत नाही. तहसीलदाराचा अहवाल जातो आणि प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे येतं. तोवर कर्जाचं आधीच सांगायला हवं होतं, हे बायकोला कळलेलं असतं. पण पहिला जबाब पोटदुखीचा आहे. कृषी सेवा केंद्राची उधारी, मेहुण्याकडून हातउसने घेतलेले पैसे, सोनाराकडे पडलेली गळ्यातली पोत, यांतलं काहीच कागदावर कर्ज ठरत नाही. बटईने केलेलं रान सातबाऱ्यावर दिसत नाही. शेरा पडतो: अपात्र.

आता तक्त्यातला तो एक आकडा पुन्हा बघा. त्यात शेजाऱ्याची भीती आहे, हवालदाराची जबाब लिहून घ्यायची सवय आहे, सचिवाची वही आहे, तहसीलदाराचा वरच्या कार्यालयाबद्दलचा अंदाज आहे. इतक्या लोकांनी त्या मृत्यूचा आपापल्या परीने अर्थ लावला आणि त्या अर्थांची बेरीज तक्त्यात एक झाली. आकडा खोटा नाही. समिती कशी चालते याचा तो उत्तम पुरावा आहे. पण 'आत्महत्येचं कारण' या मथळ्याखाली तो मांडला आणि त्याला काय-वर्ग चाचणी लावली, की अचूक गणिताने चुकीचं उत्तर मिळतं.

हे मला सुचलेलं नाही. समाजशास्त्राच्या जवळजवळ मुळातच हा वाद आहे. एमिल द्युरखेमचा आत्महत्येवरचा ग्रंथ १८९७ सालचा. पोलीस-कोर्टाच्या दप्तरात नोंदवलेली कारणं भरवशाची नाहीत, हे द्युरखेमला कळलं होतं, म्हणून त्याने ती बाजूला ठेवली. मात्र नोंदलेल्या मृत्यूंचे दर पक्के धरले आणि त्यांवर सिद्धान्त उभा केला. (आपले प्रबंध या बाबतीत द्युरखेमच्याही मागे आहेत. ते कारणांचा रकानाच धरून बसतात.) १९६७ साली जॅक डग्लसने त्या दरांवरच बोट ठेवलं: एखादा मृत्यू 'आत्महत्या' ठरवणारे अधिकारी कोणते अर्थ मनात धरून ठरवतात, हे तपासल्याशिवाय दराला काय अर्थ? त्याच वर्षी हॅरॉल्ड गारफिंकेलचं पुस्तक आलं. लॉस एंजेलिसच्या आत्महत्या प्रतिबंध केंद्रातले लोक मृत्यूनंतर मागे उरलेल्या वस्तू, औषधं, चिठ्ठ्या, शेजाऱ्यांचं बोलणं यांवरून 'नक्की काय झालं असावं' याची पटेल अशी कथा कशी जुळवतात, ते त्यात आहे. १९७८ साली मॅक्सवेल ॲटकिन्सनने इंग्लंडमधल्या मृत्युचौकशी अधिकाऱ्यांबद्दल तेच दाखवलं. कॅलिफोर्नियातल्या त्या खोलीची आणि आपल्या जिल्हा समितीची भेट आपल्या एकाही पत्रिकेत होत नाही, याचं मला नवल वाटतं.

गारफिंकेलला हे दिसलं त्यामागे एका माणसाचं ऋण आहे: आल्फ्रेड शुट्झ. जन्म १८९९, व्हिएन्ना. कायदा शिकला आणि आयुष्यातली बरीच वर्षं पोटासाठी बँकेतली नोकरी करत राहिला. दिवसा बँक आणि उरल्या वेळात तत्त्वज्ञान, असा त्याचा रिवाज होता. १९३२ साली त्याचं सामाजिक जगाच्या अर्थपूर्ण घडणीवरचं पुस्तक निघालं. मॅक्स वेबरने म्हटलं होतं की सामाजिक शास्त्राने माणसाच्या कृतीचा अर्थ, करणाऱ्याला तो जसा असतो तसा, समजून घ्यावा. हे वाक्य आपणही पहिल्या तासाला फळ्यावर लिहितो. शुट्झने विचारलं, अहो, पण करणाऱ्याला स्वतःच्या कृतीचा अर्थ असतो तो कधी आणि कसा? करत असताना? करून झाल्यावर मागे वळून बघताना? की करण्याआधी मनात आखताना? वेबरने जो पाया गृहीत धरला, तो शुट्झला खणून बघावासा वाटला.

त्यातून त्याने हेतूंचे दोन प्रकार केले. एक 'साठी'चा: पुढचं काही तरी गाठण्यासाठी मी हे करतो आहे. दुसरा 'मुळे'चा: मागच्या अमुक गोष्टीमुळे मी असा वागलो. करणारा माणूस कृतीत बुडालेला असतो तोवर त्याच्यापुढे फक्त 'साठी' असतं. 'मुळे' दिसतं ते कृती संपल्यावर, थांबून मागे पाहणाऱ्याला. मग तो पाहणारा स्वतः असो की दुसरा कोणी. आता समितीच्या अहवालाचा नमुना आठवा. तो विचारतो 'कशामुळे?' गेलेल्या माणसाला 'मुळे' सांगता येत नाही. सांगतात ते मागे उरलेले, आणि सांगताना त्यांच्या डोळ्यांपुढे स्वतःचं 'साठी' असतं: पोरांची फी, सोसायटीचा तगादा, लोक काय म्हणतील. यात खोटेपणा शोधू नये. कोणीही माणूस बोलतो ते असंच बोलतो. हा एवढा फरक विद्यार्थ्याच्या गाठीला असता, तर मुलाखतीला गेल्यावर त्याने पहिल्या दहा मिनिटांत 'आत्महत्येचं कारण काय?' असं विचारलंच नसतं.

शुट्झ हे शिकला फेनॉमेनॉलॉजीचा प्रवर्तक एडमंड हुसर्ल याच्या पुस्तकांतून, आणि पुढे प्रत्यक्ष भेटींतून. आपल्याकडे फेनॉमेनॉलॉजी म्हटलं की 'ज्याचा त्याचा अनुभव, ज्याला जे वाटतं ते' असा अर्थ चटकन घेतला जातो. हुसर्ल मुळात गणिती होता, डॉक्टरेट गणितातली. १९०० साली निघालेला त्याच्या 'तार्किक शोध' या ग्रंथाचा पहिला खंड सगळा एका मताशी झुंजण्यात गेला आहे: तर्काचे नियम म्हणजे माणसाच्या मनाच्या सवयी, असं म्हणणाऱ्यांशी. ज्याला जे वाटतं ते खरं, या भूमिकेचा त्याच्याइतका कडवा शत्रू शोधून सापडायचा नाही. त्याला हवं होतं ते वेगळंच. वस्तू, माणूस, काळ, संख्या आपल्याला 'आहे' म्हणून ज्या रीतीने प्रत्ययाला येतात, त्या रीतीचं काटेकोर वर्णन. टेबलाची एकच बाजू दिसत असताना अख्खं टेबल समोर आहे असं आपण कसं धरतो, सुरांमागून सूर येत असताना चाल ऐकू येते ती कशी, असल्या प्रश्नांवर त्याने आयुष्य घातलं.

आपल्या कामाचा हुसर्ल मात्र म्हातारपणातला. मे १९३५मध्ये व्हिएन्नात आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात प्रागमध्ये त्याने व्याख्यानं दिली, विषय युरोपीय विज्ञानांवरचं संकट. वय शहात्तर. ज्यू वंशाचा म्हणून जर्मनीत १९३३नंतर विद्यापीठाची दारं त्याला बंद झाली होती. त्या व्याख्यानांतून वाढलेल्या ग्रंथाचे पहिले दोन भाग १९३६ साली बेलग्रेडमधल्या नियतकालिकात छापावे लागले. १९३८ साली तो वारला. मागे राहिलेली लघुलिपीतली सुमारे चाळीस हजार पानं फान ब्रेडा नावाच्या तरुण पाद्र्याने बेल्जियममध्ये लूव्हेनला नेली म्हणून वाचली. (हुसर्लचा सर्वांत गाजलेला शिष्य हायडेगर १९३३ साली नाझी पक्षात गेला होता. त्याच्या मुख्य ग्रंथावरची हुसर्लला केलेली अर्पणपत्रिका १९४१च्या आवृत्तीत गळलेली आहे. हेही विद्यार्थ्यांना सांगावं, लपवू नये.)

त्या शेवटच्या ग्रंथातला मुद्दा असा. गॅलिलिओने निसर्ग गणितात मांडला तो काही आकाशातून उतरलेल्या आकृत्यांनी नव्हे. त्याच्या आधी हजारो वर्षं माणसं शेतं मोजत होती, लाकूड रंध्याने सरळ करत होती, कडा जुळवत होती. त्या हाताच्या कामातून सरळ रेष, वर्तुळ, प्रमाण या कल्पना शुद्ध होत गेल्या. मग झालं असं की शुद्ध झालेली आकृतीच खरी, आणि ज्या जगण्यातून ती निघाली ते जगणं म्हणजे निव्वळ भास, असं विज्ञान मानू लागलं. हुसर्लचा विज्ञानाला विरोध नव्हता. विज्ञान ज्या जमिनीवर उभं आहे ती जमीन, म्हणजे आपलं रोजचं, विचार न करता गृहीत धरलेलं जीवनविश्व, ते विसरलं, एवढीच त्याची तक्रार. भौतिकशास्त्राला हा विसर परवडतो. दगडाला स्वतःबद्दल काही मत नसतं. शेतकऱ्याला असतं, त्याच्या बायकोला असतं, तलाठ्याला असतं. मानव्यशास्त्राचा विषयच असा की शास्त्रज्ञ पोचण्याआधी तिथल्या लोकांनी आपलं जग नावं देऊन, भाग पाडून, अर्थ लावून ठेवलेलं असतं. शुट्झने पुढे अमेरिकेत हे नेमकेपणाने मांडलं: समाजशास्त्रज्ञाच्या संकल्पना या दुसऱ्या पातळीवरच्या, पहिल्या पातळीवरच्या संकल्पना माणसांनी जगताना आधीच केलेल्या असतात. दुसरी पातळी पहिलीवर नीट बसली पाहिजे. आपण वर्णन केलेली कृती करणाऱ्या माणसाला त्याच्या रोजच्या भाषेत सांगितली, तर त्याला ती समजली पाहिजे.

म्हणूनच मी पाया म्हणतो. संख्यात्मक आणि गुणात्मक अशा दोन खोल्यांपैकी एका खोलीतलं फर्निचर म्हणून फेनॉमेनॉलॉजी शिकवू नका. दोन्ही खोल्या तिच्यावर उभ्या आहेत.

संख्येचंच उदाहरण घ्या. सर्वेक्षणाला गेलेला मुलगा दारात विचारतो, 'ताई, तुम्ही काम काय करता?' पहाटे म्हशीची धार काढून, डेअरीवर दूध पोचवून, दुपारी खुरपायला जाऊन आलेली बाई सांगते, 'मी? काही नाही, घरीच असते.' मुलगा रकान्यात गृहिणी लिहितो. बाईच्या उत्तरात चूक नाही; तिच्या घरात 'काम' हा शब्द ज्याला मजुरी मिळते त्यालाच लागतो, आणि ती त्या घराच्याच भाषेत बोलते आहे. मुलाचंही काही चुकलं नाही; प्रश्नावलीत जे छापलं होतं ते त्याने विचारलं. २०१९ साली राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशभर काळ-उपयोग सर्वेक्षण केलं तेव्हा प्रश्नच बदलला होता: काल पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत अर्ध्या-अर्ध्या तासाला काय काय केलं, ते सांगा. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचा त्यावरचा वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ९७. पुन्हा २०२४ साली तेच विचारलं, तेव्हा २८९ आणि ८८. हे आकडे मोलाचे आहेत, कारण ते काढणाऱ्यांनी 'काम' हा शब्द बाजूला ठेवून दिवस जसा जगला जातो तसा आधी विचारला. त्यांनी हुसर्ल वाचला होता की नाही याच्याशी मला कर्तव्य नाही. त्यांनी केलं ते हेच.

काही सदस्य म्हणतील, हे सगळं युरोपातलं, आपल्या मुलांना कशाला? मग मसूरच्या स्टेशनवर चला.

'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या छोट्या आठवणीवजा लेखनात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९०१ सालचा एक प्रवास सांगितला आहे. साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला निघालेली मुलं, नवे कपडे, डोक्यावर झगमगत्या टोप्या, पहिल्यांदाच आगगाडीत बसल्याचा आनंद. मसूरला उतरल्यावर न्यायला कोणी आलेलं नाही. स्टेशन मास्तर चौकशीला येतो. कपड्यांवरून मुलं चांगल्या घरची वाटत असतात, तो आस्थेने विचारतो. मग विचारतो, तुम्ही कोण? मुलगा विचार न करता सांगून टाकतो: महार. मास्तरचा चेहरा बदलतो. तो आपल्या खोलीत निघून जातो, आणि मुलं तिथंच उभी राहतात. पुढे दुप्पट भाडं देऊ करूनही बैलगाडीवाले तयार होत नाहीत. शेवटी एक जण तयार होतो तो या अटीवर की गाडी मुलांनी हाकायची आणि त्याने बरोबर चालायचं.

माझ्या मते सामाजिक शास्त्राच्या विद्यार्थ्याला वर्णन म्हणजे काय हे शिकवायला यापेक्षा चांगला मजकूर सापडणार नाही. त्यात जातीची व्याख्या नाही, निषेधाचं विशेषणही फारसं नाही. एका शब्दाने त्याच फलाटावरची अंतरं कशी बदलली, बसायचं बाकडं, पाण्याचं भांडं, गाडीची जागा या सगळ्यांचा अर्थ एका क्षणात कसा पालटला, ते आहे. मोरिस मर्लो-पाँटीने १९४५ साली लिहिलं की शरीर ही जगातली एक वस्तू नसून जग आपल्याला गवसतं ते शरीराच्या द्वारे. १९५२ साली फ्रान्ट्झ फॅनॉनने त्याला जोड दिली: दुसऱ्याची नजर पडताच काळ्या माणसाला स्वतःच्या शरीराबद्दलची ही सहजता कशी गमवावी लागते. मसूरच्या फलाटावरचा मुलगा या दोघांच्या कितीतरी आधीचा आहे. तो प्रसंग आपण भावनेसाठी सांगतो, आणि संशोधन पद्धतीच्या पत्रिकेत ठेवत नाही.

आणि इथूनच या विषयावरचा आपल्या देशातला सगळ्यांत कसदार वाद सुरू होतो. २००२ साली गोपाळ गुरूंनी 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त विचारलं की भारतातली सामाजिक शास्त्रं कितपत समतावादी आहेत. त्यांचं म्हणणं, सिद्धान्त मांडणारे एक आणि माहिती पुरवणारे दुसरे, अशी जातीचीच वाटणी ज्ञानातही आहे. सुंदर सरुक्काई यांनी त्याला उत्तर देताना विचारलं, अनुभव जगणं आणि अनुभवाचा मालक असणं यात फरक कोणता? जगलेला अनुभव त्याला म्हणायचं ज्यातून बाहेर पडायची मुभा नसते. आठ दिवस झोपडपट्टीत राहून येणाऱ्याला परतीचं तिकीट असतं. २००९ साली त्यांनी अस्पृश्यतेवर लिहिताना स्पर्शापासून सुरुवात केली आणि अस्पृश्यतेचं मूळ न शिवणाऱ्याच्याच ठायी दाखवलं. २०१२ साली दोघांच्या या वादाचं 'द क्रॅक्ड मिरर' हे पुस्तक झालं. गोपाळ गुरू आपल्याच महाराष्ट्रातले, पुण्याच्या विद्यापीठात शिकवून गेलेले. असं असून त्यांचं नाव आपल्या पद्धतिशास्त्राच्या संदर्भ यादीत मला क्वचित दिसतं. यादीत असतात त्या गुणपत्रिकेसारख्या नीट आखलेल्या गाईडवजा पुस्तकांची नावं.

या वादाने एक गोष्ट कठीण करून ठेवली, आणि ती कठीणच राहू द्यावी. 'मी भोगलंय, म्हणून मी म्हणतो ते खरं' असं फेनॉमेनॉलॉजी म्हणत नाही. भोगणाऱ्यालाही आपला अनुभव आपोआप उलगडत नाही. तोही आयत्या शब्दांत बोलतो. पण म्हणून न भोगलेल्याने त्याच्या वतीने सिद्धान्त सांगावा, असंही नाही.

आता आपल्या बाजूचा दोष. गेल्या काही वर्षांत फेनॉमेनॉलॉजीचं नाव प्रबंधांच्या मथळ्यांवर वाढलं आहे. नर्सिंग, शिक्षणशास्त्र आणि मानसशास्त्रात तर फारच. दहा-बारा मुलाखती, कोलायझीच्या विश्लेषणाच्या सात पायऱ्या, त्यातून निघालेले पाच 'थीम', प्रत्येक थीमखाली दोन अवतरणं. पद्धतीच्या प्रकरणात एक वाक्य हमखास: 'संशोधकाने आपले पूर्वग्रह बाजूला ठेवले आहेत.' कुठं ठेवले? कोणते होते? हुसर्लने ज्याला कंसात ठेवणं म्हटलं ते शपथपत्र नव्हतं. आपण काय धरून चाललो आहोत ते एकेक करून उघड करायचं, त्यावरचा विश्वास क्षणभर स्थगित करायचा, आणि ते धरणं आपल्या बघण्यात काय भर घालत होतं ते दाखवायचं. हे काम पानोपानी करावं लागतं आणि कधी संपत नाही. अमेडिओ जॉर्जीने १९७०च्या सुमारास अमेरिकेत मानसशास्त्र मानवविज्ञान म्हणून उभारायची खटपट केली, तिच्यामागे ही कष्टाची बाजू होती. आपण पायऱ्या तेवढ्या उचलल्या. माझ्या मागणीने अशा प्रबंधांचं पीक आणखी वाढणार असेल, तर मागणी मान्य न केलेली बरी.

मार्क्सवादी मित्रांचा आक्षेप जास्त गंभीर आहे. कापसाचा भाव, कर्जाचं धोरण, जमिनीची वाटणी यांतलं काहीच शेतकऱ्याच्या जीवनविश्वात जसंच्या तसं दिसत नाही; मग अनुभवाचं वर्णन करत बसलात तर व्यवस्था सुटून जाईल. समाजशास्त्रज्ञ बोर्द्यूचाही रोख साधारण असाच होता. आक्षेप खरा आहे. बाजारभाव अनुभवाच्या वर्णनातून काढता येत नाही. पण भाव पडला ही बातमी एका घरात लग्न मोडल्याची बातमी होते, दुसऱ्यात पोराचं कॉलेज सुटतं, तिसऱ्यात काही होत नाही. व्यवस्था माणसापर्यंत पोचते ती कोणत्या रूपात, हे भावाच्या आलेखात नसतं. मला दोन्ही हवं आहे. माझा आग्रह शिकवण्याच्या क्रमाबद्दल आहे.

प्रत्यक्षात काय करता येईल? पत्रिकेचा पहिला घटक वर्णनाला द्या. विद्यार्थ्याने आपल्या गावातली किंवा मोहल्ल्यातली एक जागा घ्यावी: रेशन दुकानाची रांग, तहसील कचेरीतलं दाखल्यांचं टेबल, सरकारी दवाखान्यातली केसपेपरची खिडकी. तिथं काय चालतं ते चार पानांत लिहावं, गरीब, वंचित, शोषित, सक्षमीकरण यांतला एकही शब्द न वापरता. हे किती अवघड जातं ते एकदा शिक्षकांनी स्वतः करून बघावं. त्यानंतर त्याच जागेतला एक छापील नमुना हाती द्यावा आणि त्यातला एकेक रकाना कोणाच्या प्रश्नातून आला, तो भरताना माणसाच्या जगण्यातलं काय आत गेलं आणि काय बाहेर राहिलं, ते लिहायला लावावं. आंबेडकरांचा मसूरचा प्रसंग, शुट्झचा एखादा छोटा निबंध, गुरू-सरुक्काई वादातला एक लेख, इतकं वाचन पुरे. शुट्झचा परक्या माणसावरचा १९४४चा निबंध वीसेक पानांतच उरकतो, आणि गाव सोडून पुण्या-मुंबईला आलेल्या मुलांना तो आपलाच वाटेल. चलांचे प्रकार आणि नमुना निवड मग पाचव्या आठवड्यात सुरू झाली तरी बिघडत नाही.

मराठीत साहित्य नाही, ही अडचण खरी आहे. हुसर्ल-शुट्झ मराठीत जवळजवळ नाहीत. ओडिशात जन्मलेले जितेंद्रनाथ मोहंती हुसर्लचे जगभर मान्यता पावलेले अभ्यासक. २०२३ साली ते गेले, त्यांचंही मराठीत काही आलेलं मला दिसलं नाही. विद्यापीठांच्या भाषांतर निधीतून वर्षाला एक निबंध जरी नीट मराठीत आला, तरी पाच वर्षांत एक वाचनसंच तयार होईल. त्यासाठी तत्त्वज्ञान आणि समाजशास्त्र या दोन विभागांना एका टेबलाशी बसावं लागेल. माझ्या अनुभवात ते परीक्षेच्या पर्यवेक्षणापुरतेच एकत्र येतात.

आणखी एक छोटी दुरुस्ती, जी करायला निधीही लागत नाही. पीएच.डी.च्या सिनॉप्सिसच्या छापील नमुन्यात 'गृहीतके' हा रकाना सक्तीचा असतो. बाईच्या दिवसावर, दवाखान्याच्या खिडकीवर किंवा अपात्र ठरलेल्या घरांवर काम करू बघणारा विद्यार्थी तो रिकामा सोडू शकत नाही, म्हणून तिथं काही तरी बनवून लिहितो: 'शासकीय योजनांची माहिती ग्रामीण महिलांना पुरेशी नाही.' मग दोन वर्षं ते सिद्ध करत बसतो, आणि सिद्ध होतंच. हा रकाना ऐच्छिक करा, आणि त्याच्या जागी एक ओळ छापा: 'या विषयाबद्दल संशोधकाला आजच काय ठाऊक आहे असं वाटतं, आणि ते त्याला कोठून कळलं?'

येत्या शैक्षणिक वर्षाचे अभ्यासक्रम मंजूर होण्यापूर्वी मंडळाच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हे दोन मुद्दे, पहिला घटक आणि हा रकाना, घ्यावेत ही विनंती. पहिल्या घटकाचा आराखडा मी करून देईन. बैठकीला बोलावल्यास स्वखर्चाने येईन.



आपला,
तोंडी परीक्षांना बसणारा एक परीक्षक